लातूरपर्यंत निळा दिवा

भारनियमनाच्या काळात, म्हणजे २००५ नंतरच्या त्या वर्षांत, आमच्या नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत भरवशाची वीज एकाच जागी असायची: लिंबाखाली उभ्या ट्रॅक्टरमध्ये, नाहीतर जीपमध्ये. घरातला बल्ब नुसता लटकलेला आणि गल्लीतले मोबाईल रांगेनं गाडीच्या दारात. गाडीवर चार्ज होणारी बॅटरी घरीच बनवायचं खूळ अशाच घरांतून निघतं.

माझ्या काकांना उशाशी बॅटरी लागते ती ३० सप्टेंबर १९९३ पासून, किल्लारीच्या भूकंपापासून. त्यात शेताची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की दारं धरायला जावंच लागतं, आणि उसाच्या सरीत पुढं काय पसरलंय ते पाय पडायच्या आधी कळलेलं बरं. मोबाईलचा उजेड आपल्याच अंगठ्यापाशी संपतो. शिवाय तो पाटात पडला तर उजेडासकट सगळे पाहुणेरावळे वाहून जातात.

काकांचं सामान बहुतेक भंगारातलं. मेलेल्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सगळे सेल मेलेले नसतात. त्यातला एक धडका शोधायचा. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, म्हणून त्याचं नाव १८६५०. लाईट फिटिंगच्या जाड पाईपात तो आरामात बसतो. पुढं एलईडी, मागं बटण. खरी मेख चार्जिंगची. हा सेल ४.२ व्होल्टपर्यंतच भरायचा, आणि चालू गाडी देते १४ च्या आसपास. थेट जोडला तर उजेड पडेल, पण एकदाच. म्हणून मध्ये मोबाईलचा कारचार्जर, जो १४ चे ५ करतो, आणि त्यापुढं पेराएवढी चार्जिंगची प्लेट: भरताना लाल दिवा, भरल्यावर निळा. कारचार्जर ज्या भोकात जातो ते मुळात सिगारेट पेटवायला केलेलं. त्यावर कुणी बिडी पेटवलेली मी अजून पाहिली नाही.

"काय करलालाव? इकत मिळत नव्हती का?" असं येणारा-जाणारा विचारतोच. मिळते की. लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते फुटतात, त्यातल्या कुठल्याही रस्त्यानं गेलं तरी मिळेल. पण इकतची बिघडली की फेकायची. घरची बिघडली की पुन्हा आठवडाभर करमणूक.

हिशेबात मात्र काका बसत नाहीत. एका सेलात मावते ती जेमतेम आठ वॅट-तास वीज. घरच्या मीटरवर एका युनिटात असे शंभरावर सेल भरतील. गाडीवर भरायला अडीच-तीन तास लागतात. म्हणजे नांदेडहून लावली की लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर दिसेस्तोवर निळा दिवा. डिझेलचं कुणी काढू नये म्हणून काका आताशा सगळ्या लग्नांना जातात, लांबच्या सोयऱ्यांच्याही.

अहमदपूरला चहाला थांबलो की ड्रायव्हरचा हात किल्लीकडं जातो.

"राहू दे, राहू दे," काका म्हणतात, "लालच हाय अजून."