अडथळा क्रमांक सात

आमच्या गल्लीतला रस्ता चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी सुरक्षित करायचा आहे, तरी रहिवाशांनी सूचना द्याव्यात, असा कागद सोसायटीच्या फलकावर लागला आणि मला हुरूप आला. सूचना देणं हा माझा मूळचा पिंड. लग्नात आचाऱ्याला, दवाखान्यात डॉक्टरांना आणि मागे येणाऱ्या कुठल्याही मोटारीला मी त्या देतच असतो. इथे तर चक्क मागितल्या होत्या.

शिवाय माझा अभ्यास होता. पुणे महापालिकेनं २०१६ साली पादचारी धोरण मंजूर केलं, ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रस्ता वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन साजरा केला, हे मला पाठ. त्या दिवशी मी लक्ष्मी रस्त्यावर चालायला गेलोही होतो. स्कूटर लावायला जागा शोधण्यात पाऊण तास गेला, ही गोष्ट वेगळी.

इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणणं असं, की पदपथावर चालायला निदान १.८ मीटर रुंदी मोकळी हवी आणि त्याची उंची १५० मिलिमीटरच्या वर नको. मी ठरवलं, नुसतं बोलायचं नाही, मोजून द्यायचं. घरात मोजायचं साधन एकच, बायकोच्या शिवणाच्या डब्यातली टेप. ती दीडशे सेंटीमीटरची. म्हणजे पदपथ नियमात बसला असता तर माझ्या टेपमध्ये बसला नसता. पण तशी वेळ एकदाही आली नाही.

शनिवारी सकाळी मी पदपथावर ओणवा झालो. दूधवाल्यानं विचारलं, "काका, काय सांडलं?" इस्त्रीवाला म्हणाला, "कुणाचं माप घेताय?" समोरच्या आजी काठी टेकत आल्या आणि थांबल्या. पदपथाची उंची भरली ३१ सेंटीमीटर. "माझ्या गुडघ्यांचंही घे हो माप," त्या म्हणाल्या. "वर चढले तर उतरवायला माणूस लागतो. मी आपली खालूनच जाते." आणि खरंच, रिक्षा आणि टँकर यांच्यामधून खालूनच गेल्या.

अडथळ्यांची यादी केली. क्रमांक एक, विजेचा डीपी. दोन, शहाळ्यांची गाडी. पण तो माणूस मला नेहमी भरपूर मलईचं शहाळं काढून देतो. दोन खोडला. मग झाकण नसलेलं चेंबर, फलकाचे खांब, वाळूचा ढीग वगैरे. माझं अक्षर मलाच लागत नाही, म्हणून यादी मुलीला दिली. "नीट उतरवून दे. राहिलं असेल काही तर घाल." हे शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं.

सूचना ऐकण्यासाठी बोलावलेल्या बैठकीला सायकलवरून गेलो. लोकांना आदर्श नको का घालून द्यायला? पुणे सायकलींचं शहर होतं त्या काळात नळीखालून पाय घालून मी सायकल शिकलो. डबलसीट जाताना पोलीस दिसला की मागचा टुणकन उडी मारायचा आणि पोलीस मागे पडला की पुन्हा बसायचा, या शिस्तीत आम्ही वाढलो. पण मुलाच्या सायकलला एकवीस गिअर. अर्ध्या किलोमीटरमध्ये मी त्यातले वीस वापरले, त्यातले बहुतेक चुकून. चढावर चेन उतरली. ती बसवून पोचलो तेव्हा दोन्ही हात काळे, पँटचा उजवा पाय काळा, आणि दारातल्या शिपायानं मला सांगितलं, "पंक्चरवाले ना? मागच्या बाजूनं या."

माझ्याआधी आजी बोलल्या. सिग्नल फार लवकर पडतो, एवढंच त्यांचं म्हणणं. महापालिकेच्या अभियंत्यांनी समजावलं, की हिशेबात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरतात. आजी म्हणाल्या, "तो माणूस एकदा दाखवा मला." माझ्या मते त्या संध्याकाळी झालेलं हे सर्वांत नेमकं भाषण. पण तेव्हा मी स्वतःच्या भाषणाची वाट बघत होतो.

मी खणखणीत आवाजात वाचू लागलो. सहापर्यंत टाळ्या पडल्या. "अडथळा क्रमांक सात. इमारतीच्या फाटकाला लागून पदपथावर मांडलेल्या अकरा कुंड्या. चालायला उरलेली जागा ६२ सेंटीमीटर." इथे मला राहवेना. कागदावरून नजर काढून मी म्हणालो, "बघा! सार्वजनिक जागेत स्वतःची बाग फुलवणारे हे लोक! लाज कशी वाटत नाही यांना?" प्रचंड टाळ्या. "कुंड्यांवर पांढऱ्या तेलरंगात मालकाचं आडनाव रंगवलेलं आहे, त्यामुळे शोध सोपा..."

आवाज आपोआप खाली आला. दोन वर्षांपूर्वी लोक भिंतीलगत दुचाकी लावायचे, म्हणून मीच त्या कुंड्या मांडल्या होत्या. रोज पहाटे फुलं चोरीला जायची, म्हणून आडनावही मीच रंगवलं होतं. फुलं जायची थांबली नाहीत, पण कुंड्या कुणाच्या हे चोराला कळत राहिलं.

"आडनाव काय?" अभियंत्यांनी पेन सरसावून विचारलं. मागच्या रांगेतून चार जणांनी एकदम सांगितलं.

मंगळवारी टेम्पो आला. सगळ्या सूचनांत क्रमांक सातइतकी सोपी एकही नव्हती. तिला ना डांबर लागत होतं, ना निविदा. माझं आडनाव अकरा वेळा, ओळीनं, हलत हलत गल्लीच्या कोपऱ्यावरून वळलं. मुलगी टेप घेऊन खाली गेली आणि वर येऊन म्हणाली, "बाबा, १४१." दुपारपर्यंत तिथे तीन दुचाकी उभ्या राहिल्या. चौथी जागा मी घाईघाईनं स्कूटर लावून धरली. नाहीतर कुणीतरी लावलीच असती.

संध्याकाळी आजी आल्या. रिकाम्या भिंतीपाशी जरा थबकल्या.

"कुंड्या नेल्या होय रे?"

"नेल्या, आजी."

"अरेरे. आता उद्या गणपतीला जास्वंद कुठून आणू?" असं म्हणून त्यांनी काठी सावरली आणि माझ्या स्कूटरला वळसा घालून खालूनच पुढे गेल्या.