आधी नटाचा पगार बोला

दिल्लीत 1964 साली राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचं रंगमंडळ सुरू झालं, तेव्हा त्यात माणसं होती फक्त चार : ओम शिवपुरी, सुधा शिवपुरी, मीना विल्यम्स आणि रामामूर्ती. नटाने पूर्णवेळ नाटकच करावं आणि महिन्याला पगार घ्यावा, इतकी साधी ती व्यवस्था. रंगमंडळाचं मोठेपण महोत्सवांत आणि शाली-श्रीफळांत शोधणाऱ्यांनी आधी हा पगार पाहावा.

त्याच रंगमंडळाने 1974 मध्ये पुराना किल्ल्यात ‘तुघलक’ केलं. नाटक गिरीश कार्नाडांचं, मूळ कन्नड. भाषांतर ब. व. कारंतांचं, दिग्दर्शन इब्राहिम अल्काझींचं आणि तुघलक मनोहर सिंह. कचेरी सुटल्यावर दोन तास तालीम करून असा तुघलक उभा राहत नाही. उत्तरा बावकर वर्षानुवर्षं याच रंगमंडळात राबल्या. ‘बालिका वधू’मुळे घराघरात पोचलेल्या सुरेखा सिक्रीही इथल्याच.

पगारी नटांची ही व्यवस्था मराठी रंगभूमीला नवी नव्हती. किर्लोस्कर मंडळी, गंधर्व मंडळी यांची बिऱ्हाडं गावोगाव हिंडत, नटांची जेवणाखाण्याची, पगाराची काळजी कंपनी वाही. बोलपटांनी कंपन्या बुडवल्या आणि आपण नाईटवर आलो. प्रयोग लागला तर पैसे, नाही तर नाही. तालमींचे दिवस नटाने स्वतःच्या खिशातून काढायचे. प्रायोगिकवाल्यांना तर नाईटही नशिबात नसते.

मात्र दिल्लीतल्या एका रंगमंडळाने, तेही मुख्यतः हिंदीत नाटक करून, एवढ्या देशाची गरज भागत नाही. कारंतांनी हे ओळखलं. आधी भोपाळला भारत भवनचं रंगमंडळ उभं केलं, मग 1989 मध्ये म्हैसूरला रंगायण, कर्नाटक सरकारच्या पैशावर. पुढे धारवाड, शिवमोग्गा, कलबुर्गीलाही रंगायण झालं. गोव्यात कला अकादमीने ‘रंगमेळ’ काढलं.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे 1954 पासून राज्य नाट्यस्पर्धा आहे. तिचं मोल मी कमी लेखत नाही, तिने गावोगाव नाटक जिवंत ठेवलं. पण चषक मिळाला की नेपथ्य गोदामात जातं आणि चंद्रपूरचा गुणी मुलगा एक तर बँकेत परततो, नाही तर मुंबईला मालिकेच्या दारात उभा राहतो. स्पर्धा नट शोधून देते, सांभाळत नाही. सांभाळायला रंगमंडळच लागतं.

सांस्कृतिक कार्य विभागाला माझी मागणी स्पष्ट आहे. महसूल विभाग सहा आहेत. प्रत्येकात बारा नटांचं पगारी रंगमंडळ काढा, नेमणूक तीन वर्षांची ठेवा, तालुक्यांचे दौरे सक्तीचे करा. सहा जमत नसतील तर एकाने सुरुवात करा, पण ते मुंबई-पुण्यात नको. नागपूरला काढा, शेजारी झाडीपट्टीचा प्रेक्षक रात्रभर नाटक बघायला तयार बसलेला आहे.