रात्री वर येणारा तळ

समुद्राची खोली मोजायला पूर्वी दोरीला शिशाचा गोळा बांधून सोडत. गोळ्याच्या बुडाशी खळगा आणि त्यात चरबी. तळाला टेकला की तिला वाळू, शिंपल्यांचा चुरा, कधी नुसता चिखल चिकटून वर येई. पाणी किती वाव आहे ते कळेच, शिवाय खालच्या मुलखाची मूठभर मातीही हाताला लागे. पुढे दोरीची जागा आवाजाने घेतली. जहाजाखालून एक टिचकी मारायची आणि तिचा प्रतिध्वनी परतेपर्यंत घड्याळ धरून बसायचं. खाऱ्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर धावतो; जाऊन यायला दोन सेकंद लागले तर तळ दीड किलोमीटरवर. हिशेब शाळकरी पोरालाही जमावा असा. माती तेवढी हातची गेली.

या विद्येत विचारावं एकाला आणि ‘ओ’ द्यावी भलत्यानेच, असं सुरुवातीपासून चालत आलं आहे. टायटॅनिक बुडाल्यावर अलेक्झांडर बेम या जर्मन संशोधकाने आवाजाने हिमनग हुडकायचं मनावर घेतलं. हिमनगांनी त्याला फारशी दाद दिली नाही. समुद्राचा तळ मात्र खणखणीत बोलला. बेमने शहाणपणा केला, जो बोलला त्याचंच ऐकलं आणि १९१३ साली खोली मोजण्याचं पेटंट घेतलं. माझी आजी वैशाखात विहिरीच्या काठावरून खडा सोडायची आणि कान देऊन उभी राहायची. दोर किती लागेल हे तिला त्या ‘डुबुक्’वरून कळे. पण पाण्याच्या आधी भिंतीच्या कपारींतले पारवे उत्तर द्यायचे, फडफडत, सगळे एकदम, ‘आम्ही आहोत’ म्हणून.

१९४२ साली कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापुढे अमेरिकी आरमारासाठी काही शास्त्रज्ञ पाणबुड्या शोधण्याच्या विद्येवर काम करत होते. खरा तळ कितीतरी खाली असताना त्यांना तीन-चारशे मीटरवरूनच प्रतिध्वनी येऊ लागला. हा तळ विलक्षण होता. दिवसभर जागच्या जागी राही, दिवेलागणीला उठून पृष्ठभागाकडे निघे आणि झुंजुमुंजू होताच मुकाट्याने खाली जाई. जमिनीला अशी रात्रपाळी कुणी लावली असेल, हा प्रश्न युद्धाच्या धामधुमीतही कुणाला तरी पडला, याचं मला फार अप्रूप वाटतं. १९४५ मध्ये मार्टिन जॉन्सन या प्राणिशास्त्रज्ञाने उलगडा केला: ही जमीन नव्हे, जेवायला निघालेली वस्ती. बोटभर लांबीचे कंदीलमासे, कोळंबीच्या जातीचे जीव, जेलीफिशचे भाईबंद. दिवसा खाणाऱ्यांच्या भयाने अंधारात बसायचं आणि रात्री वर येऊन पोट भरायचं. त्यातल्या अनेकांच्या अंगात हवेची चिमुकली पिशवी असते आणि आवाज पाण्यातून हवेच्या सीमेवर आला की उसळून माघारी फिरतो. एकेकट्याचं कुणी ऐकलं नसतं. असंख्य जण मिळून समुद्राचा तळ म्हणून खपून गेले. चांदण्या रात्री ते थोडे खालीच थांबतात. उजेडात जेवायला बसण्याची त्यांनाही भीती वाटते.

तोवर काही नकाशांवर असे प्रतिध्वनी उथळ जागा म्हणून चढलेही होते. मागाहून गेलेल्या जहाजांना तिथे अथांग पाणी लागे. अशा शंकास्पद जागांसाठी दर्यावर्दी नकाशांत एक अधिकृत शेरा आहे: ‘अस्तित्व संशयास्पद’. दरसाल हयातीचा दाखला घेऊन बँकेत उभ्या राहणाऱ्या पेन्शनरांना या शेऱ्याची धास्ती समजेल. कंदीलमाशांना तो कुणी कळवला नसावा. ते रोज संध्याकाळी, अगदी वेळेवर, जेवायला येतात.