‘आपल्याकडे असलं काही जपतच नाहीत’: एक अनावृत पत्र

प्रति: धाराशिव जिल्ह्यातून जर्मनीत शिकायला गेलेला विद्यार्थी
विषय: नेपल्सच्या वस्तुसंग्रहालयातील एक फोटो व त्याखालची दोन वाक्ये

परदेशी शिकणारा विद्यार्थी तीन गोष्टी करतो: खातो, फिरतो आणि दोन्हींचे फोटो काढतो. तो अभ्यासही करतो असे सांगतात. त्याचा फोटो अद्याप पाहण्यात आलेला नाही. या पत्रात तिन्ही गोष्टींचा क्रमाने विचार केला आहे. पत्र विद्यार्थ्याला लिहिलेले असूनही त्यात त्याच्याशी कुठेच बोललेले नाही, ही चूक समजू नये. मराठवाड्यात घरच्या माणसाचा फार राग आला की त्याच्याशी बोलत नाहीत. तो समोर जेवायला बसलेला असताना भिंतीकडे पाहून त्याच्याविषयी बोलतात.

पहिले खाणे. फोटोंवरून पाहता सदर विद्यार्थ्याचा आहार म्हणजे प्रेत्झेल, पास्ता, जेलातो आणि नेपल्सचा मार्गेरिटा पिझ्झा. या पिझ्झ्याच्या कडा करपलेल्या असल्या तरच तो अस्सल, असेही विद्यार्थ्याने कळवले आहे. घरी भाकरीला एवढासा डाग पडला तरी ताट सरकवणारा तो हाच. आठवड्याचे उरलेले सहा दिवस भात, मसुरीची डाळ आणि आईने कुटून दिलेली शेंगाची चटणी असते, पण त्याचा फोटो निघत नाही. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरी त्या खव्याचा पेढा जर्मनीला जाऊ शकत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. शेंगाच्या चटणीवर अशी बंदी नाही. त्यामुळे चटणी विमानात चढली आणि पेढ्यांचा डबा मुंबईच्या विमानतळावरून धाराशिवला परत आला. तो अजून कोणी उघडलेला नाही.

दुसरा प्रवास. एसटीत मळमळते म्हणून तुळजापूरलासुद्धा मोटारसायकलवरून जाणारा हा मुलगा दोन बस बदलून, आल्प्स ओलांडून नेपल्सला पोचला. बस रात्रीची, कारण बसमध्ये झोपले की मुक्कामाचे पैसे वाचतात. पोचला तोही नेमका महिन्याच्या पहिल्या रविवारी. त्या दिवशी इटलीतल्या सरकारी संग्रहालयांत सर्वांना फुकट प्रवेश असतो. एरवी १८ ते २५ वयाच्या युरोपीय नागरिकांना २ युरोत आत सोडतात आणि त्याच वयाच्या धाराशिवच्या मुलाला पूर्ण तिकीट पडते. विद्यार्थ्याच्या हिशेबात चूक काढता येत नाही.

तिसरा आणि मुख्य विषय फोटो. नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात, ‘गुप्त दालन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विभागात, हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती आहे. उंची जेमतेम वीतभर, सुमारे २५ सेंटिमीटर. १९३८ मध्ये अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात ती पाँपेईतल्या एका घरात सापडली. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने ते शहर गाडले, म्हणजे बाई त्याआधीच तिथे पोचली होती. अंगावर कंबरपट्टा आणि गळ्यात हार. हातांत कोपरापर्यंत बांगड्यांची चळत, पायांत गुडघ्याखालपर्यंत वाळे. दोन्ही बाजूंना शृंगाराचे साहित्य घेतलेल्या दोन चिमुकल्या दासी. अशा हातभर बांगड्या नळदुर्गकडच्या तांड्यांवर म्हाताऱ्या बंजारा बायांच्या हातांत अगदी परवापर्यंत दिसत. आधी तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अभ्यासकांनी ती यक्षी असावी असे मत मांडले. डोक्यावर भोक आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा एखाद्या लाकडी सामानाचा पाय असावी असे मानतात.

विद्यार्थ्याने तिचा फोटो काढून घरच्या मंडळींना पाठवला आणि खाली दोन वाक्ये लिहिली: ‘असं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. आपल्याकडे असलं काही जपतच नाहीत.’

पहिले वाक्य खरे आहे. हे पत्र दुसऱ्यासाठी लिहिले आहे.

धाराशिव शहरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर, तेरणा नदीच्या काठी तेर नावाचे गाव आहे. विद्यार्थ्याला ते संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असावे. या गावात तशाच घडणीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. ती लंडनला किंवा पॅरिसला गेलेली नाही. तेरमध्येच, रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने चालणाऱ्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही त्याच शैलीची भग्न मूर्ती मिळाली. पाँपेईच्या मूर्तीवर खरोष्ठी अक्षर कोरलेले असल्याने काही अभ्यासक तिचे माहेर वायव्य भारतात शोधतात. इतर काहींचे बोट तेर-भोकरदनकडे वळते. वाद मिटलेला नाही. तो ज्या दोन-चार गावांवरून चालतो, त्यांतले एक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या तालुक्यातले आहे, आणि ही गोष्ट समजून घेणे त्याला आल्प्स ओलांडूनही जमले नाही.

आता ‘जपतच नाहीत’ याविषयी. तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडांत, पाऊस पडून गेला की मणी, नाणी, खापरे, मातीच्या मूर्ती उघड्या पडत. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या जमवायला सुरुवात केली. त्यांना कोणी नेमले नव्हते आणि पगारही नव्हता. कोणत्याही विद्यापीठाचे ओळखपत्र गळ्यात नसताना या गृहस्थांनी हजारो वस्तू गोळा केल्या, सांभाळल्या, आणि त्यांच्याच संग्रहावर आजचे संग्रहालय उभे आहे. हस्तिदंती बाई, केओलिनच्या मूर्ती, रोमन नाण्यांच्या छापाची मातीची पदके, सगळे तिथे आहे. एक माणूस आयुष्यभर वाकून मातीतून गोष्टी उचलतो आणि त्याच्याच जिल्ह्यातला एक मुलगा रात्रीच्या बसमधून उतरून लिहितो की आपल्याकडे जपत नाहीत! असे लिहिणाऱ्याचा कॅमेरा जप्त करून त्याला वर्षभर तेरच्या पांढरीवर राखणीला बसवण्याची तरतूद कायद्यात असायला हवी होती. ती नाही, ही कायद्यातली त्रुटी आहे.

बाहेरच्यांनी तेरची दखल फार पूर्वी घेतली. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनामिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाचे समुद्री व्यापाराचे टिपण केले. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे मोठे शहर आहे, तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराला येते, असे त्यात नोंदवले आहे. तगर म्हणजेच तेर, हे १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी मांडले. १९५८ मध्ये तिथे उत्खनन झाले. तिथले विटांचे त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्यगृह होते, हेही नोंदले गेले आहे. पेरिप्लसच्या कर्त्याजवळ कॅमेरा नव्हता. कुठल्या बाजारात काय मिळते, ते कुठून येते आणि कुठे जाते, एवढेच त्याने विचारून लिहून ठेवले. अठराशेहून अधिक वर्षांनंतर त्याच्या टिपणावरून गाव सापडले. विद्यार्थ्याच्या फोनमधल्या हजारो फोटोंवरून पुढच्यांना काय सापडेल, याचा अंदाज या पत्रात बांधलेला नाही.

हा फोटो मोठा करून पाहिला असता आणखी एक गोष्ट आढळते. मूर्ती काचेआड आहे आणि काचेत फोटो काढणाऱ्याचे प्रतिबिंब पडले आहे. पाठीवर बॅग, डोळ्यांखाली रात्रीच्या बसचे जागरण. गळ्याची हाडे निघताना अशी दिसत नव्हती. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा मिळवायला वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरावे लागतात आणि त्यांतून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. घरभाडे, विमा आणि किराणा त्यातच. वर काम करायचे तर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस, त्याहून जास्त नाही. हा मुलगा ते अर्धे दिवस गोदामात खोकी उचलण्यात घालवतो. पिझ्झ्याचे फोटो आईसाठी असतात, कारण ती फोनवर रोज एकच विचारते, ‘काय खाल्लंस?’ चटणी एका वेळी एक चमचा, असा हिशेब त्याने लावला आहे. ही माहिती त्याने दिलेली नाही. चुकून बोलून गेला.

राहिला प्रश्न एवढाच, की तेरची बाई त्याने आधी का पाहिली नाही. त्याचे उत्तर उपलब्ध आहे. विद्यार्थी चौथीत असताना गोरोबाकाकांच्या यात्रेला तेरला गेला होता. सोबत मामा होता. दर्शन झाले, गोडीशेव घेतली, आणि परतताना मुलगा संग्रहालयाच्या पाटीपाशी थांबला. नवे नवे जोडाक्षर वाचता येऊ लागले होते, म्हणून त्याने ‘व-स्तु-सं-ग्र-हा-लय’ असे मोठ्याने वाचले आणि विचारले, “मामा, आत काय हाय?”

मामा म्हणाला, “जुनी खापरं हायत. चल, गाडी जाईल.”

गाडी मिळाली. बसायला जागाही मिळाली.

या पत्राखाली सही त्याच मामाची आहे. पाँपेई, पेरिप्लस, फ्लीट यांविषयी वर जे मोठ्या तोऱ्यात सांगितले, ते त्याने फोटो आल्यानंतरच्या आठ दिवसांत, भाच्याला खोटे पाडायचे म्हणून वाचून काढले. तोपर्यंत लामतुऱ्यांची बाई त्यानेही पाहिली नव्हती. तालुक्यात पन्नास वर्षे काढून पाहिली नव्हती. मग एका गुरुवारी तो एकटाच जाऊन आला. मूर्तीसमोर बराच वेळ उभा राहिला. फोटो काढला नाही.

विद्यार्थी सुटीत घरी येईल तेव्हा त्याने कॅमेरा घेऊन तेरला चलावे. पेढ्यांचा डबाही आता उघडायला हरकत नाही. नवा आणला जाईल. परतीच्या गाडीची वेळ या खेपेला विचारलेली नाही.