दुर्मीळ लोकगीत कसे मिळवावे (आणि कोणालाही कसे ऐकू देऊ नये)

लोकगीतांची दुर्मीळ ध्वनिमुद्रणे शोधण्याचे वेड लागलेल्या माणसाला या लेखात आपण ‘साधक’ म्हणू. नुसते गाणे आवडणारा माणूस वेगळा. त्याचे रेडिओवर भागते. साधकाला गाणे आवडलेच पाहिजे असे नाही. ते दुसऱ्याकडे नसले म्हणजे झाले.

साधनेचा आरंभ बाजारात करावा. पुण्यातला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो; मुंबईकरांना चोर बाजार आहे. जाताना झिजलेली चप्पल घालावी. तबकड्यांचा गठ्ठा दिसला तरी तिकडे न बघता शेजारचा पितळी तांब्या उचलून त्याचा भाव विचारावा. तुम्हाला लावणी हवी आहे हे विक्रेत्याने एकदा ताडले की भाव तिथल्या तिथे दुप्पट. गठ्ठा चाळताना तबकडी दोन्ही तळव्यांत कडेने धरावी. ७८ च्या गतीची ही तबकडी लाखेची असते. हातातून सुटली तर तिचे खापर होते, आणि ते कोणाच्या माथी फोडायचे याबद्दल बाजारात कधीच मतभेद नसतात.

लेबलावर विसंबू नये. ‘मराठी लावणी’ एवढे कळले तरी पुष्कळ. गायिकेचे नाव इंग्रजीत, मागे ‘मिस’ किंवा ‘बाई’, पुढे गावाचे नाव, आणि स्पेलिंग त्या दिवशीच्या कारकुनाच्या मर्जीवर. लेबल फाटले असेल तर उलट बरे. शेवटची खाच आणि लेबल यांच्यामधल्या कोऱ्या पट्टीवर बॅटरी तिरपी धरली की एक बारीक आकडा दिसतो. हा मॅट्रिक्स नंबर. लेबलाला कसर लागते, आकड्याला लागत नाही. तो वहीत उतरवून घ्यावा. काही साधक पुढे आकड्यांतच इतके रमतात की तबकडी वाजवायची त्यांना गरज उरत नाही, आणि ही साधनेतली वरची पायरी मानतात.

तबकडी अगदी जुनी असेल तर मात्र शेवटपर्यंत ऐकावी. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, त्या काळात गाणे संपता संपता गायिका आपले नाव पुकारत असे. मुद्रणाचे ठसे जर्मनीत हॅनोव्हरला जात, आणि कोण गाते आहे हे तिथल्या कामगारांना कळायला दुसरा मार्ग नव्हता. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला, नाव पुकारण्याची रीत हळूहळू मागे पडली, आणि साधकांना कायमचे काम मिळाले.

पोवाड्याच्या नादी लागणाऱ्याने धीर धरायला शिकावे. शाहीर डफ घेऊन रात्र जागवणारा, आणि दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर मावतात जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. म्हणून भाग १, भाग २ असे तुकडे पाडलेले असतात. तुम्हाला मिळते ती भाग १ व २ ची तबकडी. त्यात अफझलखान वाईहून भेटीला निघतो आणि सुई घसरत लेबलाकडे जाते. कोथळा भाग ३ मध्ये असतो. भाग ३ दुसऱ्या साधकाकडे असतो.

त्याच्याकडे दुपारी चारनंतर जावे, कारण चहा होतो. ‘कॉपी’ हा शब्द पहिल्या तीन भेटींत उच्चारू नये. ‘काका, आपल्याकडे तो भाग ३ आहे म्हणे?’ एवढेच विचारावे. ‘आहे ना,’ काका म्हणतील, आणि कपाटाकडे नुसते बोट दाखवतील. वाजवायचे नाव काढले की हवा दमट असते, सुई संपलेली असते किंवा किल्ली सुनेने कुठेतरी ठेवलेली असते. रागावू नये. तुमच्याकडच्या भाग १ व २ बद्दल कोणी विचारायला आले की तुमच्या घरची हवाही दमट होणार आहे.

कॅसेटचे प्रकरण अधिक अवघड. जेजुरी, तुळजापूर, पंढरपूरच्या दुकानांतून जागरण, गोंधळ, भारुडाच्या कॅसेटी विकल्या जात. वेष्टनावर ‘अमुक आणि पार्टी’, सालाचा पत्ता नाही. त्याहून मोलाची म्हणजे घरी भरलेली. माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात शोधावी. वर ‘हिंदी सदाबहार’ लिहिलेले आणि आत पणजीच्या ओव्या असे हमखास निघते. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोटे टॅब असतात. ते मोडले की तिच्यावर पुन्हा काही भरता येत नाही. आपल्या घरांत ते मोडण्याऐवजी, दुकानातून मोडून आलेल्या जागी चिकटपट्टी लावण्याची परंपरा होती. म्हणून तिसऱ्या ओवीनंतर जात्याची घरघर थांबते आणि बंटीच्या वाढदिवसाचा केक कापला जातो.

एका ठिकाणापासून साधकाने कटाक्षाने दूर राहावे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने इंटरनेटवर ठेवल्या आहेत. कितीतरी ओव्यांना गाणारीचे नाव आहे, गाव आहे, आवाजही आहे. पैसे नाहीत, किल्ली नाही, चहा नाही. जे कोणालाही मिळते ते मिळवून साधकाची समाजात काय पत राहणार?

तसेच, गाणारी म्हातारी अजून हयात असेल तर तिच्याकडे जाऊ नये. गिरणी आल्यापासून जाते कोपऱ्यात गेले, तरी तिला दोन-चारशे ओव्या येतात. बसवून विचारले तर ती ‘आता कुठलं आठवतंय, बाबा’ म्हणेल आणि सुपात धान्य घेतले की आपोआप म्हणू लागेल. पण ती जिवंत आहे, म्हणजे दुर्मीळ नाही. पन्नास वर्षांनी तिची एकुलती एक कॅसेट जुन्या बाजारात येईल, तेव्हा साधकाने तांब्याचा भाव विचारावा.

साधक होण्याइतकी चिकाटी ज्यांच्यात नाही, त्यांच्यासाठी एक कमी प्रतिष्ठेचा मार्ग आहे. माळ्यावरचा डबा खाली काढा. प्रत्येक कॅसेटवर गाणारीचे नाव, गाव आणि अंदाजे साल बॉलपेनने लिहा. मागेल त्याला नक्कल करू द्या. आणि सगळ्यांत आधी ते दोन टॅब मोडा.