तळटीपराव

हिंगोली जिल्ह्यात गुरू न करता राहणं तसं अवघडच. कयाधूच्या काठचं नर्सी आमचं, औंढा नागनाथही आमचंच. प्रत्यक्ष पांडुरंगाशी ज्यांची ऊठबस, त्या नामदेवांनाही विसोबा खेचरांना गाठायला औंढ्याला यावं लागलं, ही गोष्ट इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी ठाऊक असते. अशा मुलखात राहून ‘माझा गुरू पुस्तकांच्या कपाटात’ असं छातीठोक सांगणारी एक जमात आहे. आम्ही त्यांना तळटीपराव म्हणतो.

तळटीपराव वकिलांत निघतात, तलाठ्यांत निघतात, वसमतच्या हळदीच्या व्यापाऱ्यांतही एखादा निघतो. पण अस्सल वाण पाहायचा तर जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक घ्यावा. गंमत अशी, की गुरू ही संस्थाच मोडीत काढायला निघालेल्या या गृहस्थांना अख्खं गाव ‘गुरुजी’ म्हणून हाक मारतं, आणि तेही ‘ओ’ देतात.

गुरुजींची सार्थ ज्ञानेश्वरी एकदा उघडून पाहावी. खुणेसाठी पानापानांत एसटीची जुनी तिकिटं. समासात लाल-निळ्या पेन्सिलीच्या खुणा. पेन्सिल पेपर तपासायची; पेन्शन सुरू झाली तरी ती काही सुटलेली नाही. एका ओवीपुढं ‘छान’ असा शेरा आहे, दुसरीपुढं ‘पुन्हा पाहा’. ज्ञानेश्वर महाराजांना ‘छान’ देणारा माणूस सप्ताहातल्या बुवांना काय देत असेल? खिशातल्या डायरीत प्रत्येक कीर्तनकाराचे गुण आहेत. गेल्या सप्ताहात काल्याच्या बुवांना १० पैकी साडेचार. गाणं चांगलं म्हणून अर्धा वाढवलेला.

कीर्तन रंगात आलेलं असतं, टाळकरी भान विसरलेले असतात, पखवाज चढलेला असतो, आणि बुवा श्वास घ्यायला थांबले रे थांबले की पुढच्या सतरंजीवरून आवाज येतो, ‘अध्याय कोणता?’ बुवांनी अध्याय सांगितला तर ओवीचा क्रमांक. क्रमांकही सांगितला तर ‘प्रत कोणती?’ चार प्रश्नांनंतर तग धरलेला बुवा आमच्या पाहण्यात नाही. पुढच्या वर्षी बुवा सुपारी घेण्याआधी एकच चौकशी करतात, ‘ते गुरुजी आहेत का अजून?’

गुरुजींची बाजू अगदीच लंगडी आहे असंही नाही. हिंडले ते. एका महाराजांच्या मठात पांडुरंगापेक्षा महाराजांचा फोटो दोन हात मोठा होता. दुसऱ्यांनी अनुग्रहाआधी आधार कार्डाची झेरॉक्स मागितली. तिसरे ज्ञानेश्वरीवर बोलता बोलता जमिनीच्या भावावर आले ते परत फिरलेच नाहीत. अशा तीन यात्रा झाल्यावर माणूस कपाटाकडं वळला तर त्याला दोष कोण देणार? पुस्तक दक्षिणा मागत नाही, आणि त्याच्यामागं चार गाड्यांचा ताफाही नसतो. गुरुजींच्या लेखी पुस्तकाचा मोठा गुण मात्र वेगळाच आहे. मिटलं की ते गप्प बसतं.

खरी अडचण पुस्तकानंच केली. १२९० सालची ज्ञानेश्वरी हे मुळात बोलणं. ज्ञानेश्वर बोलले, सच्चिदानंदबाबांनी उतरवून घेतलं. त्यातही अनेक अध्यायांच्या तोंडीच निवृत्तिनाथांचं, म्हणजे सद्गुरूचं, भरभरून स्तवन. गुरुजी त्याला ‘प्रास्ताविक’ म्हणतात आणि तेवढं ओलांडून पुढं जातात.

विसोबांचंही तसंच. तेरला गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी तपासली, नामदेव कच्चं मडकं ठरले, रागावले, आणि शेवटी औंढ्याला आले. तर विसोबा पिंडीवर पाय ठेवून निवांत पडलेले. पाय उचलून जिथं ठेवावे तिथं पिंडी. ही कथा निघाली की गुरुजी म्हणतात, ‘आख्यायिका आहे. समकालीन पुरावा दाखवा.’ औंढ्याचा गाभारा तळघरात आहे, वाकून, अंग चोरून उतरावं लागतं. भलेभले तिथं मुकाट उतरतात. गुरुजी मात्र उतरता उतरता मागच्या माणसाला सांगत असतात, की नामदेवांसाठी देऊळ फिरलं म्हणतात, त्याला शिलालेखाचा आधार नाही. मागचा म्हणतो, ‘व्हय गुरुजी, पण पुढं सरका.’

हुकमाचा एक्का ते शेवटी काढतात. ‘नांदेड कुठं लांब आहे? १७०८ साली गुरू गोविंदसिंहांनी तिथंच सांगितलं, यापुढं ग्रंथ हाच गुरू. आणि त्या ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत. बोला आता!’ यावर सगळा पार गप्प होई. बी.ए. झालेलेही गप्प. एकदा मात्र सप्ताहाचे म्हातारे विणेकरी, ज्यांना सहीपलीकडं अक्षर येत नाही, तंबाखू मळता मळता म्हणाले, ‘बरुबर हाये गुरुजी. पर आधी धा गुरू झाले, मग ग्रंथ झाला. तुमी एकदम अकराव्यावरच कामून जायलेत?’

गुरुजींनी डायरी काढली. काय लिहिलं ते दिसलं नाही, पण पेन्सिल निळी होती.

गळ्यात माळ नाही त्याचंही कारण हेच: घालायची कुणाच्या हातून? ज्ञानेश्वरीवर ठेवून घ्या, असं काकूंनी सुचवलं. वारकऱ्यांत तशी रीतच आहे. पण ग्रंथावरची माळ उचलून गळ्यात घालायला पुन्हा कुणी महाराज लागतो, म्हणून तेही राहिलं.

परवा शेजारचं एक पोरगं आलं. कॉलेजातलं, हुशार. म्हणालं, ‘गुरुजी, अमृतानुभव वाचायचाय. कोणतं पुस्तक चांगलं तेवढं सांगा, माझं मी वाचतो. मोबाईलवर पीडीएफ मिळते.’

गुरुजी खुर्चीतून उठलेच. ‘तुझं तू? अरे, अमृतानुभव म्हणजे काय पेपर आहे का सकाळचा? नुसतं वाचून कुणाला कळलंय आजवर? समोर बसावं लागतं, ऐकावं लागतं, दहा वेळा विचारावं लागतं! उद्या सकाळी साडेसहाला ये. वही घेऊन ये.’

आतून काकूंच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला, आणि त्यामागून हसू.

पोरगं दुसऱ्या दिवशी पावणेसातला आलं. वही विसरून. गुरुजींनी पहिला अर्धा तास त्याला ओसरीवर उभं केलं.