हायब्रिडवाला

एका गाडीचे इंजिन दुसरीच्या सांगाड्यात बसवून घडवलेल्या शर्यतीच्या चारचाकी बाइकला हायब्रिड क्वाड म्हणतात. ती बाळगणारा हायब्रिडवाला मुख्यतः अमेरिकेत आढळतो: हिवाळ्यात कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर, एरवी स्वतःच्या गॅरेजात, गाडीखाली उताणा.

होंडाने टीआरएक्स२५०आर ही टू-स्ट्रोक क्वाड १९८९ नंतर बंद केली आणि शर्यतवाले पोरके झाले. २००२ साली सीआरएफ४५०आर ही मोटोक्रॉस बाइक आली, तेव्हा तिचे इंजिन २५०आरच्या धर्तीवर वेल्ड केलेल्या चेसिसमध्ये घालायची टूम निघाली. पुढे २००४च्या मॉडेलांत यामाहाची वायएफझी४५० आणि होंडाची टीआरएक्स४५०आर या क्वाड तयारच मिळू लागल्या. खरे तर इथे हायब्रिडची गरज संपली. हायब्रिडवाल्याला हे कुणी सांगितले नाही, किंवा सांगितले तेव्हा इंजिन चालू होते.

आपली गाडी दगा देत नाही, हे त्याचे ठाम मत. दगा दिलेले दिवस तो सेटिंगच्या खात्यावर टाकतो आणि हिशेबात धरत नाही. बहुतेक वेळा सेटिंग चेनचे असते. इंजिनाचे स्प्रॉकेट आणि ॲक्सलवरचे स्प्रॉकेट एका रेषेत हवे. इंजिन बसवताना जराशी चूक राहिली की चेन उतरते, तीही उडी मारून खाली आल्यावर, चार लोक बघत असताना. बाइकच्या वजनासाठी केलेले इंजिन क्वाडच्या वजनाखाली तापते, क्लच लवकर झिजतो. एअरबॉक्स घरगुती. त्याच्या फटीतून वाळू आत गेली की टायटॅनियमचे इनटेक व्हॉल्व्ह झिजतात, क्लिअरन्स संपतो आणि गाडी किकला दाद देत नाही. शेजारचा यामाहावाला बटण दाबून निघून जातो. हायब्रिडवाला घामाघूम होऊन किक मारत, उरलेल्यांना आपली गाडी किती हलकी आहे ते पटवत राहतो.

पार्टच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा मॉडेल आणि साल विचारतो. या साध्या प्रश्नाचे उत्तर संपेपर्यंत मागे रांग लागते.

तरी त्याची बाजू अगदीच लंगडी नाही. चांगल्या कारागिराने जिगवर जोडलेली चेसिस कारखान्याच्या चेसिसपेक्षा दणकट निघू शकते. शिवाय मोटोक्रॉसला उतरायचे तर शोरूमच्या गाडीचेही ए-आर्म, शॉक आणि ॲक्सल बदलतातच. बदलता बदलता यामाहावाल्याकडे कारखान्याचे म्हणून इंजिन आणि किल्ली उरते. पण त्याच्याजवळ छापील मॅन्युअल असते; कुठला बोल्ट किती आवळायचा, ते त्यात सापडते. हायब्रिडचे मॅन्युअल म्हणजे मालकाची ग्रीस लागलेली वही: पिस्टन कुठल्या सालच्या बाइकचा, बेअरिंग कुठल्या क्वाडचे, आणि समासात ‘हे पुन्हा करू नये’. जाणते गिऱ्हाईक गाडी नंतर बघते, आधी वही मागते, आणि ती नसेल तर भाव पाडते.